फाटकाजवळचा हितसंबंध

हालवार आणि सोलरून पहिल्यांदा भेटले तेव्हा दोघांनाही एकमेकांचा चेहरा दिसला नाही. बर्फ आडवा येत होता. आमच्या खाडीत तो सरळ पडायचे कष्ट सहसा घेत नाही. हालवारचा ट्रक ताज्या कॉड माशांनी भरलेला होता आणि समोर रस्त्याचं फाटक पडलेलं होतं. फाटकाच्या बुडाशी नारिंगी कोट घातलेली एक आकृती फावड्यानं बर्फ उपसत होती.

हालवारनं काच खाली केली. काचेबरोबर थोडा बर्फही आत आला.

"ओ दादा! हे फाटक कोणी पाडलं?"

"रस्ता बंद आहे."

"ते दिसतंय मला. बंद केला कोणी?"

"म्हातारीनं." आकृतीनं फावडं वर केलं. वर नुसतं पांढरं होतं.

"मला तर काही दिसत नाही तिथे."

"म्हणूनच बंद आहे."

हालवारनं क्षणभर विचार केला. "बरं. या म्हातारीच्या वतीनं निर्णय कोण घेतो? बोलवा त्याला. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत."

आकृतीनं मफलर खाली ओढला. थंडीनं लाल झालेलं नाक, पापण्यांवर बर्फ, आणि त्या पापण्यांच्या मागे... जाऊ द्या. वर्णनाचं काम हालवारचं होतं, आणि त्या क्षणी त्यालाही ते जमलं नाही.

"बोला," ती म्हणाली.

"ताजा... मासा आहे."

"तीन झाले," सोलरून म्हणाली आणि पुन्हा बर्फ उपसू लागली.

म्हातारी म्हणजे आमचा डोंगर. नकाशात त्याला दुसरं नाव आहे, पण नकाशा करणारे इथे राहत नाहीत. तो समुद्रातून उठतो आणि मध्ये कुठेही न थांबता वर जातो. त्याच्या आणि पाण्याच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून आमचा एकुलता एक रस्ता जातो. वरच्या उतारावर साचलेला बर्फ सुटला, तर त्याला खाली यायला फार वेळ लागत नाही, आणि मध्ये जे असेल ते बरोबर घेऊन तो थेट खाडीत जातो. म्हणून जिल्ह्याच्या कार्यालयानं सोलरूनला नेमलं आहे. ती वर जाते, बर्फात खड्डा खणते, थर तपासते आणि खाली येऊन सांगते — उघडा, किंवा बंद. एवढाच तिचा शब्द. पण गाव त्या शब्दावर थांबतं. उद्या हा शब्द हलका झाला, तर लोक फाटकाला वळसा घालून निघतील. फाटक काय, एक लोखंडी दांडाच आहे.

हालवार बोर्गहिलच्या दुकानावरच्या खोलीत मुक्कामाला गेला. बोर्गहिल दुकान चालवते, कॉफी उकळते, आणि या दोन्हींतून वेळ उरला की गावाचं बातमीपत्रही चालवते. ती छापत नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलरून दुकानात आली ती चिंतेत. वर कधी एकटं जायचं नाही, हा नियम आहे. तिचा जोडीदार आन्फिन जन्मभर डोंगरावर हिंडला आणि आदल्या दिवशी बोर्गहिलच्याच दुकानाच्या पायरीवरून घसरून घोटा मोडून बसला. माशांच्या कारखान्याचा मालक टोरलाइफ कोपऱ्यात बसून वॉफल खात होता. ट्रकमधला मासा त्याचाच होता.

"या ट्रकवाल्याला घेऊन जा ना," तो म्हणाला. "बसून बसून जॅम संपवतोय. लवकर खड्डा खणा, लवकर रस्ता उघडा."

पुढे जे झालं त्याची सुरुवात टोरलाइफनं केली, याची त्याला आजही आठवण करून दिलेली आवडत नाही.

सोलरूननं हालवारकडे पाहिलं. "स्की येते?"

"मी बेटावरचा आहे. आमच्याकडे पोरं चालायच्या आधी..."

"येते की नाही एवढंच विचारलंय."

"येते."

निघण्याआधी छातीवर बांधायचं एक लहान यंत्र असतं. बर्फाखाली कोणी गाडलं गेलं, तर ते आतून टिक-टिक हाक देत राहतं, आणि वरचा माणूस आपल्या यंत्रानं ती हाक शोधतो. निघताना दोघांनी एकमेकांचं तपासायचं.

"जवळ ये," सोलरून म्हणाली.

"इतक्यात?"

"यंत्र तपासायचंय."

तो जवळ गेला. तिनं आपलं यंत्र त्याच्या छातीपाशी धरलं. टिक... टिक... टिक...

"वाजतंय," ती म्हणाली.

"जरा जोरात नाही वाजत?"

"ते यंत्र आहे, हालवार. सगळ्यांचं सारखंच वाजतं." पण तिनं हात किंचित उशिरा मागे घेतला. असं बोर्गहिलचं म्हणणं. ती दुकानाच्या खिडकीत होती.

उतारावर आणखी एक नियम असतो. एकमेकांपासून लांब राहायचं. म्हणजे बर्फाची दरड सुटलीच तर एकच जण सापडतो आणि दुसरा त्याला शोधायला उरतो. नियम अत्यंत शहाणपणाचा आहे. प्रेमात पडायला मात्र याच्याइतकी गैरसोय दुसरी नाही. जे काही बोलायचं ते ओरडूनच बोलावं लागतं.

"अंतर ठेव!" ती पुढून ओरडली.

"कुठपर्यंत?"

"त्या खडकापर्यंत!"

"आणि खडकानंतर?"

उत्तर आलं नाही. वारा होता, असं ती नंतर म्हणाली. खाली गावात वारा नव्हता. आमच्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीत होड्या पाहायला दुर्बीण असते, आणि त्या सकाळी एकही दुर्बीण होड्यांकडे नव्हती.

खड्डा खणायचा तो म्हातारीच्या अंगावर नाही, तिच्या शेजारच्या छोट्या उतारावर. त्याचं तोंड तिच्यासारखंच त्याच दिशेला आहे, पण तो इतका लहान, की बर्फाला सुटून खाली पडायला जागा नाही. हालवार खणायला पक्का निघाला. खांद्याइतका खोल खड्डा झाल्यावर सोलरून आत उतरली आणि भिंत हातानं गुळगुळीत करू लागली.

"बोट फिरव," ती म्हणाली. "वरून खाली. दाबू नकोस. नुसतं विचार त्याला."

त्यानं हातमोजा काढला. वर मऊ, मग घट्ट, मग आणखी घट्ट, मग अचानक बोट आत गेलं, आणि त्याखाली काचेसारखा कडक थर.

"हा कडक थर म्हणजे मागच्या महिन्यातला पाऊस," सोलरून म्हणाली. "समुद्र जवळ म्हणून इथे थंडीतही पाऊस येतो. पडला, गोठला. मग आठवडाभर आभाळ मोकळं होतं. कडाका पडला आणि त्याच्यावर हे दाणे तयार झाले. आणि मग हे सगळं वादळ यांच्या डोक्यावर येऊन बसलं."

हालवारनं ते दाणे हातावर घेतले. साखरेसारखे सुटे, एकमेकांना धरून न राहणारे. त्यानं चिमूटभर तोंडात टाकले.

"गोड नाहीत."

"सगळेच चाखतात," ती म्हणाली. "आन्फिन तर दर वर्षी. त्याला वाटतं, एखाद्या वर्षी लागतील."

मग तिनं बर्फाचा एक खांब कापून सुटा केला, त्याच्या डोक्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि त्यावर हातानं थापट्या मारू लागली. आधी नुसत्या मनगटातून, हलक्या. मग कोपरातून. तिसऱ्याच थापटीला खांबाचा वरचा भाग ड्रॉवर उघडावा तसा अलगद, सरळ पुढे सरकला आणि हालवारच्या गुडघ्यावर येऊन पडला.

हालवारनं गुडघ्यावरचा बर्फ झटकला.

"हे असं सरकलं की बंद," सोलरून म्हणाली. "किती जोर लागला ते बघतोच आपण. पण कसं सरकलं ते जास्त महत्त्वाचं. खडबडीत तुटलं तर बरं. असं ड्रॉवरसारखं आलं तर... वाट बघायची."

"कोणाची?"

"थरांची. एकमेकांना चिकटायला त्यांना वेळ लागतो."

हालवारनं भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सोलरून, तुझं कोणी आहे का?"

"खड्ड्यात असले प्रश्न विचारायचे नसतात."

"मग कुठे विचारायचे?"

"सपाटीवर."

सपाटीवर आल्यावर तो गप्प होता. तीही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "नाही." आणि तो म्हणाला, "बरं." या दोन शब्दांवर दोघांनी गाव येईपर्यंत काढलं.

असे काही दिवस गेले. रोज खड्डा, रोज बंद. थर्मासमधली कॉफी एकाच झाकणातून, कारण दुसरं झाकण त्यानं पहिल्याच दिवशी खाली घरंगळवलं होतं — मुद्दाम, असा बोर्गहिलचा कयास. तो तिला बेटावरच्या गमती सांगायचा, ती त्याला बर्फाच्या. तो म्हणायचा, "तू माणसांबद्दल कधी बोलत नाहीस." ती म्हणायची, "माणसांचे थर दिसत नाहीत." तो म्हणायचा, "खणून बघ की." मग ती डब्यातला तपकिरी चीज लावलेला पाव त्याच्या हातात कोंबायची, म्हणजे त्याचं तोंड बंद.

मग वादळ थांबलं. सकाळी पडदे उघडले तर आभाळ निळंशार, खाडी आरशासारखी, आणि म्हातारी इतकी पांढरी, इतकी निरुपद्रवी, की जणू काही तिनं आयुष्यात कोणाचं वाईट केलंच नाही. अशा दिवशी बंद रस्ता माणसाला फार लागतो. दुकानात गर्दी जमली. कोणाला शहरात आईला भेटायचं होतं, कोणाला शहरातून सुटणारी आगबोट गाठायची होती, मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. टोरलाइफला बर्फाखाली ठेवलेल्या माशाचा वास रात्रभर स्वप्नात येत होता.

"आज तर उघडेल," कोणीतरी म्हणालं.

"कशाला उघडेल?" टोरलाइफ कप आपटत म्हणाला. "रस्ता उघडला की ट्रक जाणार. ट्रक गेला की ट्रकवाला जाणार. एवढं साधं गणित आहे. ती म्हातारीचा अभ्यास करत नाहीये, बर्फाच्या नावाखाली प्रेम चालू आहे. एक तर रस्ता उघड, नाही तर लग्न कर म्हणावं, आमचा मासा तरी सुटेल!"

सगळे हसले. मीही हसलो, नाही कशाला म्हणू. मग दाराजवळची गार हवा आत आली आणि आमच्या लक्षात आलं, की सोलरून उंबऱ्यात उभी होती आणि बराच वेळ उभी होती.

ती तशीच मागे वळली. हालवारला घेऊन वर गेली.

त्या दिवशी खांब लवकर सरकला नाही. मनगट झालं, कोपर झालं. खांद्यातून हात टाकून जोरानं मारलं तेव्हा कुठे सरकला. पण सरकला तो तसाच. ड्रॉवरसारखा.

"जोर जास्त लागला," हालवार म्हणाला. "हे चांगलं ना?"

"हो," सोलरून म्हणाली. मग म्हणाली, "तसं चांगलं." मग पुन्हा भिंतीवरून बोट फिरवू लागली.

एरवी अशा खांबाला तिनं आणखी एक दिवस दिला असता. पण आता तो दिवस कोणाला द्यायचा, हेच तिला कळेना. तो दिवस बर्फासाठी मागत होती, की समोर बसून पावाचा तुकडा चावणाऱ्या या माणसासाठी? आपल्या मनाला अंगठ्यानं दाबून थर तपासता येत नाही. आणि आपण प्रामाणिक आहोत हे सिद्ध करायचा आमच्याकडे एकच मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्याला जे हवंसं वाटतं, त्याच्या नेमकं उलट करायचं.

तिनं जिल्ह्याच्या कार्यालयाला फोन केला. "उघडायला हरकत नाही," म्हणाली.

दुपारी फाटकाजवळ रांग लागली. सगळ्यांत पुढे हालवारचा ट्रक, मागे टोरलाइफची गाडी, तिच्या मागे मी आणि माझा दात. सोलरून फाटकाच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती. हालवारनं काच खाली केली.

"तर मग..." तो म्हणाला.

"तर मग," ती म्हणाली.

"मी परत येईन."

"मासा न्यायला."

"मासा न्यायलाही."

ती हसली नाही. वर म्हातारीकडे बघत होती. उन्हात उताराचा वरचा भाग चमकत होता, आणि त्याच्याखालून ट्रक जायला मिनिटभर तरी लागतं, त्याहून कमी नाही.

"सोलरून," हालवार हळू म्हणाला, "आज त्या खड्ड्यात माझ्याऐवजी आन्फिन असता, तर तू उघडलं असतंस?"

तिचा हात दांड्यावर तसाच राहिला.

मागून टोरलाइफनं हॉर्न दिला. "उघड गं! काय निरोपसमारंभ लावलाय!"

सोलरूननं दांड्यावरून हात काढला. मग तो दांडा पुन्हा खाली दाबला, खीळ घातली आणि वळली. आवाज चढवायचा तिला सराव होता.

"ऐका! रस्ता बंद आहे. सकाळी मी चूक केली. खांब अजून ड्रॉवरसारखाच सरकतोय. ट्रकवाल्यासाठी बंद ठेवला असं तुम्ही म्हणाल, म्हणून मी उघडायला निघाले होते."

"आम्ही कधी काय म्हणालो?" टोरलाइफ गाडीतून उतरत म्हणाला.

"सकाळी म्हणालास. आणि तू म्हणालास त्यातलं अर्धं खरं आहे." तिचे कान लाल झाले होते, पण तिनं टोपी खाली ओढली नाही. "हा माणूस मला आवडतो. रस्ता बंद आहे आणि हा माणूस मला आवडतो. या दोन वेगळ्या बाबी आहेत. पण तुम्हाला त्या वेगळ्या दिसणार नाहीत, आणि मला स्वतःलाही आता खात्री देता येत नाही. म्हणून यापुढे या रस्त्याचा निर्णय मी घेऊ शकत नाही."

आणि आमच्या सगळ्यांसमोर तिनं कार्यालयाला फोन लावला. हातात जाड मोजे होते म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवून गाडीच्या छतावर ठेवला. पलीकडे सिवर्त होता. तो कार्यालयात नियमांचं काम बघतो आणि कुठल्याही प्रसंगी त्याचा आवाज बदलत नाही.

"सिवर्त, सोलरून बोलतेय. सकाळचा निर्णय रद्द. रस्ता बंद. आणि मला हितसंबंध जाहीर करायचाय."

"रस्ता बंद, लिहिलं. हितसंबंध कोणाशी? ट्रकशी?"

"ट्रकवाल्याशी."

"कशा प्रकारचा?"

खाडीवर एक बगळा ओरडला.

"तसा," सोलरून म्हणाली.

"हं. एकतर्फी की दुतर्फी?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"पडतो ना. एकतर्फी असेल तर नियमानं तो संबंध होत नाही. नुसती आवड होते. आवडीला नियम लागू नाही. मग निर्णय तूच घे, संध्याकाळी परत तपास. दुतर्फी असेल तर तू अपात्र. मी उद्या कार्यालयाच्या छोट्या बोटीनं दुसरा माणूस पाठवतो, तोपर्यंत बंदच."

"हालवार!" टोरलाइफ ओरडला. "एकतर्फी म्हण! संध्याकाळी तिच्याशी वाद तरी घालता येईल! बोटीचा माणूस येईपर्यंत मासा..." त्याला पुढचं बोलवेना.

सोलरून ट्रकच्या खिडकीपाशी गेली. इतक्या दिवसांत डोंगरावर कधी अडखळली नव्हती, पण इथे, सपाट रस्त्यावर, तिचा पाय बर्फात किंचित घसरला.

"कार्यालय विचारतंय," ती म्हणाली. "लोक थांबलेत. लवकर सांग."

हालवारनं टोरलाइफकडे पाहिलं. मग मागच्या मालाकडे, म्हणजे आरशात. मग त्यानं इंजिन बंद केलं. ट्रकचं इंजिन बंद झालं की केवढी शांतता होते, ते आम्हाला तेव्हा कळलं.

"दुतर्फी," तो म्हणाला. मग खिडकीतून अर्धा बाहेर येऊन फोनच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाला, "दुतर्फी लिहा! पहिल्या दिवसापासून!"

"तारखेची गरज नाही," सिवर्त म्हणाला. "नोंद केली. आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते कार्यालयाच्या कामाचं नव्हतं, आणि म्हणून मी गाडी वळवली. दाताच्या दुखण्यातही माणसानं थोडं सभ्य असावं.

त्या संध्याकाळी अख्ख्या गावानं ट्रक रिकामा केला आणि मासा मिठात घातला. टोरलाइफ पिंपांमधून फिरत होता आणि कोणाशी बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी बोटीनं एक गंभीर तरुण आला. त्याला वर जायला जोडीदार हवा होता. आन्फिनचा पाय प्लास्टरमध्ये होता. सोलरून अपात्र. हालवार, हितसंबंधामुळे, तोही अपात्र. शेवटी टोरलाइफला जावं लागलं. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता. नंतर त्यानं स्वतः जाऊन फाटकाची खीळ ओढून पाहिली, घट्ट बसली आहे की नाही. वर काय सरकताना पाहिलं, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

दरड काही पडली नाही. थर हळूहळू एकमेकांना चिकटले, त्या गंभीर तरुणानं रस्ता उघडला, आणि म्हातारीवरचा बर्फ वसंतात सभ्यपणे वितळून गेला. त्या दुपारी ट्रक गेला असता तर काय झालं असतं, हे आता कोणालाच कळणार नाही. सोलरूनलाही नाही.

फाटक उघडलं त्या सकाळी हालवार रिकामा ट्रक घेऊन निघून गेला. त्याला जायलाच हवं होतं. ट्रक त्याचा नव्हता. त्यानंतर बर्फ पडला, पाऊस पडला, पुन्हा बर्फ पडला. सोलरून पुन्हा पात्र झाली. बोर्गहिलनं तिला काही विचारलं नाही, यावरून काळजी किती होती ते समजावं.

मग एका दुपारी बोट धक्क्याला लागली आणि तीतून हालवार उतरला. ट्रक नाही, सामान नाही, खांद्यावर फक्त स्की.

बोर्गहिल धक्क्यावरच उभी होती. "काय घेऊन आलास?"

"काही नाही," तो म्हणाला. "मी आलोय."

सोलरून त्याच्या मागे, दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिनं ते ऐकलं. खाली उतरली, त्याच्यासमोर येऊन थांबली, आणि बराच वेळ त्याच्याकडे तसं पाहत राहिली जसं ती बर्फाकडे पाहते — घाई न करता, काही सुटू नये म्हणून.

"आता आपण सपाटीवर आहोत," ती म्हणाली. "विचार."

त्यानं विचारलं. काय ते बोर्गहिललाही ऐकू आलं नाही.